टीव्हीखालची पेटी

पुठ्ठ्याचं खोकं टीव्हीखालच्या फळीवर ठेवून हे दोन पावलं मागं सरकले आणि मला हाक मारली. "इंदू, इथून बघ बरं. डोळ्यात खुपतं का?"

मी पोळ्या लाटत होते. तसेच पिठाचे हात घेऊन बाहेर आले. खोकं आमच्या पोळ्यांच्या डब्याहून थोडं मोठं, चौकोनी होतं. दुकानात पाहिलेल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची मापं कागदावर उतरवून आणायची आणि घरी तेवढंच खोकं पुठ्ठ्याचं करून बघायचं, ही यांची पद्धत. वायरींसाठी मागं भोकंसुद्धा पाडली होती. मी म्हटलं, छान दिसतं, घ्या आता एकदाचं. तर म्हणाले, ही फळी मागून बंद आहे, हवा कुठून खेळणार? अकोल्याचा मे महिना. आत डिस्का भाजून निघतील. खोकं उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. तिथं आधीची दोन खोकी होतीच.

हे म्हणजे माझे यजमान, प्रभाकर काळमेघ. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस. जठारपेठेत कुणाचा पंखा अडला, मिक्सर बंद पडला, इन्व्हर्टर रुसला की लोक मेकॅनिककडे जायच्या आधी आमच्या दारात यायचे. यांच्या हाताला यश होतं. उघडलेली वस्तू चालू झाल्याशिवाय यांनी कधी परत दिली नाही. मी स्वतः मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. आम्हाला एकच मुलगी, चारुता.

चारू पुण्यात कॅमेऱ्याचं काम करायची. लग्नाबिग्नाचं नाही, माहितीपट बनवणाऱ्या लोकांबरोबर. २०१४ च्या ऑगस्टमध्ये शूटिंगहून परत येताना माळशेजजवळ त्यांची गाडी दरीत गेली. अठ्ठावीस वर्षांची होती. फोन गेला, कॅमेरा गेला. लॅपटॉप ऑफिसचा होता, तो त्यांनी परत नेला. तिच्या खोलीतून आम्ही दोन बॅगा आणल्या, त्यात कपड्यांच्या घडीत एक छोटी हार्ड डिस्क निघाली. पत्त्यांच्या कॅटएवढी. वर चिकटपट्टी लावून तिनं पेनानं लिहिलं होतं, 'घर'.

तिची मैत्रीण म्हणाली, काकू, अकोल्याला आली की ती जे काही शूट करायची ते सगळं यात आहे. चार वर्षांचं. दिवाळ्या, तुमचं भांडण, काकांचं रेडिओ उघडून बसणं, सगळं.

चारूचे फोटो आमच्याकडे होते. पण आवाज कुठंच नव्हता. कॅमेरा नेहमी तिच्याच हातात, त्यामुळं चित्रात ती नसणारच, पण मागून बोलत असणार हे मला माहीत होतं. तिला गप्प बसून काही करताच यायचं नाही. मला तेवढाच हवा होता, आवाज.

मी त्याच दिवशी म्हटलं होतं, लावा. यांनी डिस्क उलटसुलट करून पाहिली आणि नको म्हणाले. डिस्क जुनी आहे, किती वापरली, किती आपटली, आपल्याला ठाऊक नाही. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालवली की कधीतरी बसते. घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायचं तर तो दहा वर्षांचा, एकदा त्याची स्वतःची डिस्क गेलेली. तेव्हा हिला एकदाच चालवायचं, आणि त्या एका वेळेत सगळं अशा जागी उतरवायचं की पुढं पन्नास वर्षं चिंता नको. घरातच एक छोटी पेटी बनवू. टीव्हीला जोडलेली राहील. रिमोट दाबला की चारूचं सगळं समोर. शिवाय तुझे जुने सिनेमे, माझी नाट्यगीतं, तीही त्यातच.

डिस्क यांनी स्टीलच्या डब्यात ठेवली. ओल लागू नये म्हणून नव्या बुटांच्या खोक्यात मिळतात तसल्या पुड्या आत टाकल्या. डबा आमच्या कपाटात, वरच्या कप्प्यात.

आणि मग पेटीचे भाग निवडायला सुरुवात झाली.

पेटी लहान हवी, कारण बैठकीत राहणार. लहान हवी तर आतला बोर्ड वीतभरच हवा. बोर्ड एवढा लहान म्हणजे डिस्का जोडायला जागा मोजक्या. प्रोसेसर थंड डोक्याचा हवा, म्हणजे पंखा लागणार नाही, म्हणजे आवाज होणार नाही. पण पंखा नाही तर मे महिन्याचं काय? हे दर आठवड्याला शोएबच्या दुकानात जायचे. शोएब पस्तिशीचा, कॉम्प्युटर जोडून विकणारा, धंद्यात मुरलेला पण मनानं चांगला. त्यानं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "काळमेघ सर, पेटी होईल तेव्हा होईल. आज एक साधी डिस्क घेऊन कॉपी मारून ठेवा." हे म्हणाले, करू. केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, एकदा चालवायची म्हणजे एकदाच.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, वर्षश्राद्ध झालं. यांच्या वहीची पानं भरत गेली. एका कंपनीची डिस्क जास्त तापते म्हणून बाद. दुसरीचा आवाज कर्रकर्र येतो म्हणून बाद. मेमरी साधी घ्यायची की चूक पकडणारी, यावर दोन महिने. मला आता कळतं की यांना ते ऐकायची भीती वाटत असावी. तेव्हा मला एवढंच कळायचं की कपाटात माझी मुलगी बोलते आहे आणि हा माणूस मला ऐकू देत नाही.

मी बोलले नाही असं नाही. एकदा रागानं म्हणाले की तुम्हाला पेटीच हवी आहे, चारू नकोय. हे जेवणावरून उठले. नंतर तो विषय मी काढला नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत हे पेन्शनच्या कामासाठी खामगावला गेले. संध्याकाळी येणार होते. दुपारचे अडीच वाजले असतील. मी स्टूल घेतलं, कपाट उघडलं, डबा काढला.

डिस्क टीव्हीलाच लावता येते हे मी शेजारच्या घरी पाहिलं होतं. टीव्ही भिंतीवर, वायर वीतभर. डिस्क कुठं ठेवावी कळेना, म्हणून टीव्हीच्या काठावर, भिंतीला टेकवून ठेवली. तिचा बारीक दिवा लागला. पडद्यावर फोल्डर आले, नुसत्या तारखा. मी एक उघडला.

आमचं अंगण होतं. मी वाळवणाचे सांडगे उलटत होते, पाठमोरी. आणि मागून चारू म्हणाली, "आई, इकडं बघ. बघ ना. नको बघूस, अशीच छान दिसतेस." मग हसली. मग कुणीतरी हाक मारल्यावर "आले" म्हणाली. मग नुसतं तिचं चालणं, चपलांचा आवाज, कॅमेरा हललेला.

अकरा मिनिटं. मी पदर तोंडात धरून उभीच होते. दुसरी फाईल लावावी म्हणून रिमोट उचलला आणि फाटकाची कडी वाजली.

मला वाटलं, हे लवकर आले. अठरा महिने जे यांनी जपलं ते मी चोरून लावलंय, एवढंच डोक्यात आलं. टीव्ही बंद न करता मी आधी वायर उपटायला गेले. वायर निघाली नाही, डिस्क निघाली. काठावरून सुटली, माझ्या हाताला लागली आणि खाली फरशीवर पडली. फार मोठा आवाज नाही झाला. चमचा पडावा तेवढाच.

दारात सिलिंडरवाला होता.

त्याला सिलिंडर ठेवायला लावलं, पैसे दिले, दार लावलं. डिस्क पुन्हा जोडली. आतून टिक, टिक, टिक आवाज आला, थांबला, पुन्हा आला. पडद्यावर काही आलं नाही. चार वेळा लावली. पाचव्यांदा हात धजला नाही. मग डिस्क पुसली, डब्यात ठेवली, पुड्या होत्या तशा लावल्या, डबा वर ठेवला, स्टूल जागेवर नेलं. हे सातला आले. मी चहा टाकला. संत्री आणली होती त्यांनी, माझ्यासाठी.

त्या रात्री सांगायचं ठरवलं. मग सकाळी. मग यांचा रक्तदाब तपासून झाल्यावर. असं करत आठवडा गेला, आणि आठवडाभर न सांगितलेली गोष्ट सांगायला आणखी एक गोष्ट सांगावी लागते, ती म्हणजे आठवडाभर का नाही सांगितलं.

एप्रिलमध्ये हे म्हणाले की आता झालं, कॅबिनेट ठरलं, पुढच्या महिन्यात सगळं मागवू. मी विचारलं, पण तुम्ही म्हणाला होता ती चूक पकडणारी मेमरी, ती या बोर्डात बसते का?

हे माझ्याकडे पाहतच राहिले. वर्षभर या पेटीचं नाव निघालं की मी कपाळाला आठी घालायची, आणि आता असा प्रश्न. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि समजावून सांगू लागले. बोर्डात बसत नव्हती. म्हणजे बोर्ड बदलायला हवा. बोर्ड बदलला की कॅबिनेट बदलणार.

त्यानंतर मी शिकले. शाळेत प्रमेयं शिकवली तशा चिकाटीनं शिकले, फक्त उशीर करण्यासाठी. एकीवरचं गेलं तर दुसरीवर राहावं म्हणून पेटीत दोन डिस्का असल्या तरी दोन्ही एकाच दुकानातून, एकाच खेपेच्या घेतल्या तर दोन्ही एकदमच जाणार नाहीत का, असं मी विचारलं. हे खूष झाले. म्हणाले, अगदी बरोबर, एक इथून घेऊ, एक नागपूरहून. नागपूरला जायला जून उजाडला. पॉवर सप्लाय आत हवा की बाहेर, यावर मी पंधरा दिवस घालवले. वीज गेली तर पेटी आपोआप नीट बंद कशी होणार, यावर महिना. संध्याकाळी चहा घेऊन आम्ही दोघं वहीवर वाकून बसायचो. शोएब एकदा घरी आला तेव्हा हे त्याला म्हणाले, "हिला विचार. हिच्याइतकं बारीक तुझ्या दुकानात कुणाला कळत नाही."

चारू गेल्यावर हे हसलेले मी पाहिले नव्हते. त्या चार-सहा महिन्यांत पाहिले. एकदा जेवताना म्हणाले, तुझं म्हणणं मला लागलं होतं, पेटी हवी आहे, चारू नको, हे. पण बरं झालं आपण घाई केली नाही. मी त्यांच्या पानात भात वाढला.

पण भाग कधीतरी संपतातच. ऑक्टोबरात सगळं घरी आलं. एका रविवारी यांनी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली आणि पेटी जोडली. बोर्ड, त्यावर प्रोसेसर, मेमरीच्या दोन पट्ट्या, खाली अकोल्याची डिस्क, वर नागपूरची. वायरी इतक्या नीट बांधल्या की आत हवेला आरपार वाट राहिली. बटण दाबलं तर दिवा लागला आणि आवाज शून्य. यांनी पेटीवर तळवा ठेवला, ताप बघावा तसा, आणि म्हणाले, "थंड आहे."

आठ दिवस त्यांनी तिची परीक्षा घेतली. माझे सिनेमे भरले, नाट्यगीतं भरली, मुद्दाम वीज घालवून पाहिली, एक डिस्क काढून दुसरीवर सगळं चालतं का ते पाहिलं. सगळं चाललं. नवव्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले आणि म्हणाले, आता चारू.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. डबा काढायला ते स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं होतं.

डिस्क पेटीशेजारी टेबलावर ठेवून त्यांनी वायर जोडली. दिवा लागला. टिक, टिक, टिक. हे थांबले. पुन्हा टिक, टिक. त्यांनी डिस्क उचलली आणि ऐकायला कानाशी नेली. नेताना तिची कड पेटीच्या पत्र्याला लागली, हलकीशी. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि वायर काढली.

शोएब आला. त्यानं पाहिलं आणि मान हलवली. पुण्यात मेलेल्या डिस्कांमधून माहिती काढून देणारे लोक असतात, त्यांच्याकडं पाठवू म्हणाला. पाठवली. तीन आठवड्यांनी फोन आला. यांनी मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. पलीकडचा माणूस नम्रपणे सांगत होता की डिस्क चालू असताना तिला धक्का बसलाय किंवा ती पडली आहे. आतला भाग घासला गेलाय. काहीही निघणार नाही, सॉरी सर.

हे म्हणाले, ती कधी चालूच केली नाही हो, एकदाच केली. तो म्हणाला, मग त्या एका वेळीच झालं असेल.

दोन दिवस हे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते, तर समोर येऊन बसले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"इंदू, मी उचलली तेव्हा ती पेटीला लागली. चालू होती तेव्हा."

मी मेथीची पुढची जुडी सोडली.

"पण टिकटिक आधीच येत होती असं मला वाटतं. मग वाटतं, मीच मनाची समजूत घालतोय. तू तिथंच उभी होतीस. नीट आठव. आवाज आधी आला की मी उचलल्यावर?"

आधी आला, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण आधी आला म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग आधी कशानं बिघडली? डबा तर कपाटात होता. घरात दोघंच होतो. मी हातातली मेथीची काडी मोडली आणि म्हटलं, "लक्षात नाही."

त्यांनी मान डोलावली. जणू तेच उत्तर येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि मी त्यांना सांभाळून घ्यायला तसं म्हणतेय असंच त्यांना वाटलं असावं. मग म्हणाले, "वीस वेळा तू म्हणालीस लावा म्हणून. मी लावली नाही. आणि लावली तेव्हा माझ्याच हातानं घालवली. तुला तिचा आवाज ऐकायचा होता. मला माफ करशील?"

मी म्हणाले, "असू द्या."

त्यांनी खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कधी न घडलेली गोष्ट. मी पाय मागं घेतले नाहीत. घेता आले नाहीत. त्या दुपारी ते पोटभर जेवले आणि तीन तास झोपले, आणि मी बैठकीत त्या पेटीसमोर बसून राहिले. आवाज नव्हता तिला काहीच.

त्यानंतर हे चार वर्षं जगले. नातेवाईक आले की सांगायचे, दुसरी असती तर जन्मभर टोचून बोलली असती, हिनं एका शब्दानं दुखावलं नाही. ऐकणारे माझ्याकडं आदरानं बघायचे. पेटी चालतच राहिली, सिनेमे आणि नाट्यगीतं दाखवत. यांनी ती पुन्हा उघडली नाही. काहीच उघडलं नाही. शेजारचे देशपांडे मिक्सर घेऊन आले तर दारातूनच म्हणाले, मेकॅनिककडं न्या, माझ्या हाताला आता यश नाही. स्वयंपाकघरातला प्लग जळाला तेव्हा बाहेरून माणूस बोलावला. तो तीन स्क्रू काढत होता आणि हे मागं हात बांधून भिंतीशी उभे होते. चौतीस वर्षं शहराचे टेलिफोन चालवलेला माणूस.

शेवटच्या आजारात, दवाखान्यात, एका संध्याकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी मनाचा हिय्या केला. म्हटलं, "अहो, त्या डिस्कचं मला तुम्हाला सांगायचंय."

त्यांनी हात वर केला, सलाईन लावलेला. फार हळू बोलायचे तेव्हा.

"नको, इंदू. तू मोठ्या मनानं सोडून दिलंस. त्याच्यावर मी एवढे दिवस काढले. आता परत नको काढू."

मी त्यांचा हात खाली ठेवला. सुई हलली नाही ना ते पाहिलं. पुन्हा काढलं नाही.